घोंगडी कुणाची? कोरडा मुलूख आणि ओला मुलूख

‘भिजत घोंगडं’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. पण घोंगडी भिजते म्हणजे काय होतं, हे अनुभवानं माहीत असलेले आता थोडेच. लोकरीचा तंतू वरून पाणी झटकतो, आत मात्र बाष्प शोषतो, स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्क्यांपर्यंत, आणि शोषताना थोडी उष्णता सोडतो. म्हणून ओलसर घोंगडीतही ऊब राहते. पुरती भिजली की मात्र ती जड होते, पिळवत नाही, लवकर वाळत नाही. भाषेनं हा दोष तेवढा लक्षात ठेवला. गुण ओळखला तो भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्यानं. भातलावणीला बाईच्या पाठीवर इरलं आणि बाप्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ, हा तोरणा-राजगडाच्या पायथ्याचा पावसाळी पोशाख.

आता ही घोंगडी आली कुठून? वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पाऊस २००० मिलिमीटरच्या वर. एवढ्या ओलीत दख्खनी मेंढी टिकत नाही, तिचे खूर कुजतात. इथल्या डोंगरातले गवळी धनगर पाळतात त्या म्हशी नि गाई. मेंढी पूर्वेकडची : फलटण, बारामती, माण, खटाव. तिथे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर. म्हणजे बघा, लोकर कोरड्या मुलखाची आणि तिची गरज ओल्या मुलखाला! या दोघांना जोडत होती मेंढपाळांची वाट. पावसाळा सरला की कळप पश्चिमेकडे निघत, काही भोरवरून वरंध घाटानं कोकणात उतरत, पुढच्या पावसाआधी परतत. वाटेत शेतात मेंढ्या बसवायच्या. लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ साली जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. देवांच्या कथांमागे ही माणसांची नि जनावरांची ये-जा आहे, हे त्यातून आपल्याला कळलं.

लोकर वर्षातून दोनदा कातरायची. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, सगळ्यांत मऊ. मग पिंजण, बायकांनी काढलेलं सूत, ताण्याला चिंचोक्याची खळ आणि सणगराच्या खड्डामागावरचं विणकाम. काळा रंग मेंढीचाच, रंगाऱ्याचं काम नाही.

हीच लोकर आज ‘शाश्वत फॅशन’ म्हणून शहरात दिसते : गालिचे, पिशव्या, जाकिटं. ती अंगाला बोचते म्हणून मऊ धाग्यात मिसळून बघतात, दाबून नमदा करतात. हे चांगलंच चाललंय. सुरेश एरियत यांच्या ‘देसी ऊन’ या अॅनिमेशनपटाचा २०२५ साली फ्रान्समधल्या अॅनेसी महोत्सवात गौरव झाला. विषय दख्खनी लोकरच.

पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना शब्द उलटसुलट करून बघायची खोड. शाश्वत काय, कापड की ते घडवणारी माणसांची साखळी? पानिपतला जुने कपडे पिंजून त्यांच्या सुताची ब्लँकेटं करतात. आजच्या व्याख्येत तीही पर्यावरणाला धरूनच. आणि अशाच स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीचा बाजार खाल्ला. खाचरात खोळ आली ती खताच्या गोणीची, प्लॅस्टिकच्या कागदाची. कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटेना, तेव्हा मेंढपाळ लोकर टाकून देऊ लागले, आणि मटणासाठी कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढीकडे वळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतलं जनुक दख्खनीत आणून जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ घडवली. विज्ञान म्हणून उत्तमच! पण तिथे प्रश्न कोकरांचा होता, लोकरीचा नव्हता. मेंढपाळाचं पोट कोकरांवर चालतं, त्याला कोण दोष देणार?

डिझायनर सणगराच्या मागापर्यंत पोचतो, दामही बरे देतो. तिथून मागे, कातरणीपर्यंत, क्वचितच कुणी जातं. त्याच्याही मागे, मेंढ्या बसायच्या त्या शेतापर्यंत तर कुणीच नाही. आणि भोरकडे अशा शेतांचे आता फार्महाऊससाठी प्लॉट पडताहेत, तारेचं कुंपण घालून.