जामीनदाराचा क्लच

बँकेत बावीस वर्षं लोकांच्या जामीनदारांच्या सह्या पडताळणाऱ्या माणसानं निदान एवढं तरी शिकायला हवं होतं, की स्वतः सही करू नये. पण मामांनी जुना ट्रक घेतला, "तुझ्या एका सहीनं काय होतंय?" म्हणाले, आणि मी केली.

सहीची शाई वाळते न वाळते तोच ट्रक झटके मारू लागला. क्लचवरचा पाय उचलताना गाडी आधी ढिम्म, आणि मग एकदम बुजलेल्या बैलासारखी उसळी! मामांनी क्लचप्लेट बदलली. महिन्याभरात पुन्हा तेच. पुन्हा प्लेट. तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकला आणि मला त्या बँकेचं पत्र आलं. मजकूर तोंडपाठ होता. आमची बँकही तोच पाठवते.

तेव्हा मी क्लचच्या इतिहासात शिरलो. (पैसे नसले की माणूस इतिहासातच शिरतो.) हा झटक्यांचा आजार मोटारीइतकाच जुना निघाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कित्येक मोटारींचा क्लच म्हणजे कातडं लावलेला एक शंकू असे. कातडं सुकून कडक झालं की क्लच झटका मारी. मग त्याला तेल पाजायचं, एरंडेलसुद्धा चाले. तेल जास्त झालं की क्लच घसरे. मग मुलतानी माती टाकायची. म्हणजे गाडीचा सगळा दवाखाना आमच्या आजीच्या फडताळात होता!

पुढे कातडं जाऊन अ‍ॅस्बेस्टॉसचं लायनिंग आलं. आपल्याकडे टेल्कोनं 1954 साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, त्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. 1969 साली करार संपला, तारा गेला. त्याच वर्षी 19 जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे छोट्या ट्रकवाल्यांनाही बँका कर्ज देऊ लागल्या. ट्रकवरचा तारा गेला आणि मागे जामीनदार आला, असा माझा हिशेब आहे.

भिवंडीचं म्हणाल, तर मागांचं हे गाव गोदामांचं झालं त्यात मुंबईच्या जकातीचा मोठा हात. माल हद्दीबाहेर ठेवलेला बरा! जकात 1 जुलै 2017 ला गेली. गोदामं राहिली, ट्रकही राहिले. अंजूरफाट्यावर ट्रक हाफ क्लचवर मुंगीच्या पावलानं सरकतात, लायनिंग तापून काचेसारखं गुळगुळीत होतं, आणि असा क्लच नीट घसरतही नाही, नीट धरतही नाही. मीही हेच निदान छातीठोकपणे सांगितलं. चूक होतं.

शेवटी मामांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठलं. त्यांनी प्लेटचं नावही काढलं नाही. पोराला पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडायला लावलं आणि स्वतः इंजिनाकडे बघत बसले. इंजिन जागेवर हललं नाही. "फाउंडेशनचे रबर ठीक हायत." मग पेडल चार वेळा दाबलं, कुठं अडकलं नाही. मग गाडीखाली शिरून क्लचच्या डब्याच्या तळाच्या भोकात बोट घातलं आणि ते चक्क हुंगलं.

"गिअर ऑइलचा वास उग्र असतो. हा नाय. इंजिनचं तेल हाय. मागचा सील गेलाय. प्लेटला रोज तेल पाजताय, साहेब."

पुन्हा एरंडेलच! फक्त कुणी मागितलं नव्हतं.

दोन नव्या प्लेटा बदनाम झाल्या आणि सील मात्र काही शे रुपयांचं! गिअरबॉक्स उतरला. डब्यातली कोरडी काळी धूळ मिस्त्री तोंडानं फुंकणार, तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. नुकतंच वाचलं होतं, की जुन्या लायनिंगमधला अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षांनी उठतो. ते ऐकून मिस्त्री हसले, हसता हसता खोकले, आणि तो खोकला बराच वेळ थांबला नाही.

"चाळीस वर्षं फुंकतोय," एवढंच म्हणाले. पण पोराला जवळ बोलावलं, ओलं फडकं त्याच्या हातात दिलं आणि फुंकायचं नाही, पुसायचं, असं दरडावून सांगितलं.

संध्याकाळी ट्रक जागेवरून असा निघाला, की मामांच्या हातातल्या कपातला चहाही हिंदकळला नाही. मामा खूश. म्हणाले, "आता दुसरा घ्यावा म्हणतो. तुझी एकच सही..."

मी खिसा चाचपला. पेन सुदैवानं बँकेतच राहिलं होतं.