एक शब्द, दोन तालमी



'तालीम' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिक्षण. आपल्या घरांतून आजही 'मुलांना चांगली तालीम द्या' असे वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात शाळाच असते. पण कोल्हापुरात कोणालाही 'तालीम कोठे आहे?' असे विचारा, तो लाल मातीच्या आखाड्याकडे बोट दाखवील. तेथे शिकविणारा वस्ताद म्हणजे फारसीतला उस्ताद. 'कुस्ती' आणि 'पहिलवान' हे शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आले. शरीर घडविणे हेदेखील शिक्षणच आहे, हे आपल्या गावाने आपल्या बोलीतच नोंदवून ठेवले आहे. ही नोंद आपण हल्ली विसरत चाललो आहोत, म्हणून हा लेखप्रपंच.

थोडा इतिहास पाहू. राजर्षी शाहू महाराजांनी 1894 मध्ये राज्यकारभार हाती घेतला. 1901 पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. 1906 मध्ये मुस्लिम समाजातील प्रमुख मंडळींना एकत्र करून त्यांनी शिक्षणसंस्था काढविली, तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले, आणि त्यातूनच मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. त्याच महाराजांनी 1902 च्या विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्या धर्तीवर त्यांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले. 1912 मध्ये त्या मैदानात पहिली मोठी कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या दोन मल्लांची. इमामबक्ष हे जगप्रसिद्ध गामा पहिलवानांचे धाकटे बंधू. एकाच राजाने अवघ्या सहा वर्षांच्या अंतराने मुलांसाठी वसतिगृह आणि मल्लांसाठी मैदान दिले. पुस्तक आणि आखाडा यांत त्याला वैर दिसले नाही. ते आपल्यालाच का दिसावे?

तालमीत मुलाला काय मिळत असे, याचा विचार करा. पहाटे उठणे, जोर-बैठका, माती खणणे, लढत, मग खुराक आणि रात्री गाढ झोप. दिवसाला शिस्त लागे. एखादा मुलगा दोन दिवस आला नाही, तर वस्ताद त्याची चौकशी करीत. चीतपट झालेला मुलगा अंग झाडून उठे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच हौद्यात उतरे. हरणे म्हणजे सर्व संपणे नव्हे, हा धडा तो उपदेशाविना शिके. शिवाय मातीत उतरल्यावर कोण कोणत्या जातीचा, हे विचारले जात नसे. कोल्हापुरातील कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, हे आपण सारे जाणतोच. 'मानसिक आरोग्य' हा शब्द त्या काळी कोणी उच्चारीत नव्हते. तथापि मन सांभाळण्याची व्यवस्था मात्र गल्लोगल्ली होती.

आजचे शास्त्र हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे 10 ते 19 वयोगटातील दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकाराचा त्रास असतो. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे दमविणारी हालचाल करावी, असे याच संघटनेने 2020 मध्ये सुचविले. खेळाने झोप सुधारते, चिंता व उदासी कमी होण्यास मदत होते, आणि एकटे पडलेल्या मुलाला सोबती मिळतात.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीऐवजी गादीवर, अपरिचित नियमांनिशी लढून तो सहावा आला. पदक नाही म्हणून खचला नाही. चार वर्षे कसून मेहनत केली आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले होते. मुलाच्या पाठीशी असे एक माणूस उभे असले, की त्याचे मन सहसा मोडत नाही.

पुढे तालमींच्या याच गावात फुटबॉल रुजला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या संघांच्या नावात आजही 'तालीम मंडळ' आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

आणि आपल्या मुली? जुन्या तालमीचे दार त्यांना बंद होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीत जागतिक सुवर्णपदक जिंकणारी तेजस्विनी सावंत आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी राही सरनोबत या दोघी कोल्हापूरच्याच. वयात आली म्हणून जिचा खेळ घरच्यांनी थांबविला, त्या मुलीचे मन कोठे मोकळे व्हावे, याचे उत्तर आपण दिले पाहिजे.

एक सावधगिरीही हवी. जिंकलाच पाहिजे, असा धाक घातला तर खेळही परीक्षेसारखाच जाच होतो. हरलेल्या मुलाला चारचौघांत हिणवू नका. तसेच खेळ म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहिले, जेवण-झोप उडाली, जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. 2022 पासून सुरू असलेल्या सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. त्यात लाज कसली?

पालकहो, दहावीचे वर्ष आले की आपण प्रथम मुलाचा चेंडू कपाटात टाकतो. ज्या वर्षी मनावर सर्वांत अधिक ओझे, त्याच वर्षी ते उतरविण्याची जागा आपण बंद करतो. शिकवणीच्या वेळापत्रकात संध्याकाळचा एक तास मैदानासाठी राखून ठेवा. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही तो तास मोबाईलला देऊ नका. शाळेतली तालीम आणि मैदानावरची तालीम, दोन्ही तुमच्याच आहेत. दोन्ही घ्या.