अहवालातील एक दुर्लक्षित आकडा

कम्प्लीट ब्लड काउंटचा अहवाल हाती आला की आपली नजर प्रथम हिमोग्लोबिनवर जाते. ‘एमसीव्ही’ या अक्षरांपाशी ती सहसा थांबत नाही. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान सांगणारा हा आकडा. प्रौढांत तो साधारणतः ८० ते १०० फेम्टोलिटर असतो. हिमोग्लोबिनवरून रक्तक्षय कळतो. तो कोणत्या प्रकारचा, याचा पहिला सुगावा एमसीव्ही देतो. लोहाच्या अभावी पेशी लहान होतात, फोलेट किंवा बी-१२ च्या अभावी मोठ्या.

या मोठ्या पेशींच्या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज संशोधिका परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणारा जीवघेणा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर मोठ्या होत्या. विल्स यांचे लक्ष त्यांच्या निकृष्ट आहाराकडे गेले. मार्माइट या यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागचे फॉलिक आम्ल पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले ते १९४१ मध्ये. उपाय आधी सापडला, नाव मागाहून मिळाले.

आज यंत्र क्षणार्धात पेशी मोजते. पण लोह आणि फोलेट दोन्ही कमी असतील, तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी निर्दोष दिसू शकते. म्हणूनच अहवाल वाचल्यावरही, ताटात काय होते, हा प्रश्न उरतोच.