सरकीतलं विष

सरकीची पेंड हा दुभत्या जनावराचा खुराक, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तीच कोंबड्यांना घातली तर साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. डुकरं तर जास्त खाल्ली की दगावतातसुद्धा. गाय मात्र मजेत! असं का, हे शोधायला बसलो आणि भलत्याच गोष्टीत गुंतलो.

सरकी चिरली की गरात काळपट ठिपके दिसतात. त्या ग्रंथी. त्यांत गॉसिपॉल नावाचं पिवळं विष असतं. मार्खलेव्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचं बारसं केलं. रवंथ करणाऱ्यांच्या पोटात ते बरंचसं प्रथिनांना चिकटून निकामी होतं. आपल्या पोटात ती सोय नाही. चीनमध्ये कच्चं सरकी तेल खाणाऱ्या गावांत पुरुषांना मुलंच होईनात, तेव्हा त्याचा आणखी एक गुण कळला!

पण किलोभर रुईमागे दीड किलोहून जास्त सरकी निघते, आणि तिच्यात वीसेक टक्के प्रथिनं. ग्वाटेमालातल्या इन्कॅप या पोषणसंस्थेने १९५० च्या दशकाच्या अखेरीस मक्यात सरकीचं पीठ मिसळून कुपोषित मुलांसाठी 'इन्कापरिना' काढलं. विष मारायचा सोपा उपाय म्हणजे उष्णता. गोची अशी, की तापवलं की गॉसिपॉल नेमकं लायसीनला चिकटतं, आणि ते सरकीत काय नि मक्यात काय, आधीच कमी. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच वाया!

न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेने मग वेगळी वाट काढली. ग्रंथी पाण्यात फुटतात, पण हेक्झेनमध्ये शाबूत राहतात. म्हणून वाळवून दळलेला गर हेक्झेनमध्ये कालवायचा आणि तो रगडा शंकूच्या आकाराच्या नळीत गरगर फिरवायचा. जड ग्रंथी खालून बाहेर, बारीक पीठ वरून. पिठात ६५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि विष नावापुरतं. आपलं सुपाने पाखडणंच की हे! दुर्दैवाने ते पीठ बाजारात काही रुजलं नाही.

दुसरीकडे, १९५० च्याच दशकात बिनग्रंथीची कपाशी निघाली होती. तिच्यावर किडी तुटून पडल्या. विष ही झाडाची राखण होती ना! २००६ मध्ये टेक्सासमध्ये डॉ. कीर्ती राठोड आणि सहकाऱ्यांनी फक्त बियांतलं गॉसिपॉल दाबलं, पानांतलं तसंच ठेवलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ही सरकी माणसांनी खायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

काकांना फोनवर हे सगळं उत्साहाने ऐकवलं. ते म्हणाले, "सरकी तुम्हीच खाल्ल्यावर गाईला काय घालायचं?"