वाचलेल्या पोथ्या आणि संग्राहकाचे कर्तव्य

माहुलीच्या पायथ्याचा मुलूख इतिहासज्ञांस परिचित आहे तो मुख्यतः इ. स. १६३६ मधील शहाजीराजांच्या प्रसंगामुळे. किल्ला, वेढा व तह यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याच मुलुखात, भातसेच्या काठी सापगावास आणि शहापूर-मुरबाडकडील इतर खेड्यांतून, ज्या पोथ्या देव्हाऱ्याशेजारी रुमालात बांधून ठेवीत, त्यांनी लोकांस काय शिकविले याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. या पोथ्या आता घराबाहेर पडत आहेत. काही संग्राहकांच्या हाती लागतात, काही नदीच्या पाण्यात जातात. त्या घेताना संग्राहकाने नेमके काय घ्यावे, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

श्रावण लागला म्हणजे पोथी 'लावण्याची' चाल या भागात जुनी आहे. एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने तिचा अर्थ सांगावा, आणि बसलेल्या मंडळींनी अडेल तेथे विचारावे, असा हा क्रम. श्रीधरस्वामी नाझरेकर यांचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) व पांडवप्रताप (१७१२), तसेच मालुकवीचा नवनाथ भक्तिसार (१८१९) हे अशा बैठकींचे आवडते ग्रंथ. श्रोत्यांपैकी अनेकांस अक्षरओळख नसे. तथापि कोणती कथा कोणत्या अध्यायात येते हे त्यांस मुखोद्गत असे. या सर्वास केवळ भाविकपणा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, परंतु ते यथार्थ होणार नाही. पाठशाळेत पदच्छेद, विग्रह, अन्वय, आक्षेप आणि समाधान या नावांनी जे शिकवितात, तेच येथे अर्थ सांगणारा आपल्या बोलीत करीत असे. वर्ग नव्हता, परीक्षा नव्हती. अध्ययन मात्र होते.

याच काळी विद्यापीठात मराठीची स्थिती काय होती? १८६० नंतरच्या दशकात मुंबई विद्यापीठाने देशी भाषांस आपल्या अभ्यासक्रमातून जवळजवळ हद्दपार केले. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर १९०१ मध्ये एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा पुनः प्रवेश झाला. मधल्या सुमारे चार दशकांत जुन्या मराठी वाङ्मयाचे जे संशोधन झाले, ते बहुतांशी वर्गाबाहेरच्या माणसांनी केले. त्यांपैकी एक आमच्या ठाणे जिल्ह्यातील होते. विनायक लक्ष्मण भावे (१८७१-१९२६) हे पदवीधर विज्ञानाचे, आणि व्यवसाय मिठाचा. १८९३ मध्ये ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, त्यात ते अग्रभागी होते. १९०३ मध्ये त्यांनी जुनी कविता छापण्याकरिता 'महाराष्ट्र कवि' हे मासिक काढले. त्यांचे 'महाराष्ट्र सारस्वत' प्रथम 'ग्रंथमाले'तून प्रसिद्ध झाले, आणि १९१९ च्या आवृत्तीत त्याचा पुष्कळ विस्तार झाला. मिठागरांचा हिशेब पाहणाऱ्या गृहस्थाने मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध करावा, याचे आश्चर्य वाटते. परंतु ज्या पोथ्यांवर तो उभा आहे, त्याही शाळेने नव्हे तर घराघरांनी, मठांनी व देवळांनी राखलेल्या होत्या. मराठी काव्य वाचले जात होते, म्हणूनच ते भाव्यांस मिळाले.

या वाचनाचा पुरावा खुद्द पोथीवरच असतो. आमच्या पाहण्यात आलेल्या पोथ्यांत पानांचे खालचे कोपरे बोटांनी काळवंडलेले, काही अध्यायांच्या आरंभी हळदकुंकवाचे ठिपके, तर समईच्या तेलाचे डाग ठराविक पानांवर दाट, असा प्रकार वारंवार आढळला. कोठे मूळ शब्दावर हरताळ लावून निराळ्या हाताने दुसरा शब्द घातलेला असतो. कोठे समासात कठीण शब्दाचा सोपा पर्याय, क्वचित मोडीत, टिपलेला असतो. पोथी उतरणारे लेखक पुष्पिकेत तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून व मूर्खाच्या हातापासून ग्रंथ राखावा अशी विनवणी करीत. तेलाचे भय त्यांस वाटे, कारण पोथी दिव्यापाशी उघडली जाणार हे त्यांस ठाऊक होते.

संपादनशास्त्रात अशा पर्यायी शब्दांस अपपाठ म्हणून टाकून देण्याची रीत आहे, आणि मूळ पाठ ठरविताना ती योग्यच होय. एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले ते याच कारणाने. ग्रंथ लोकांच्या तोंडी रुळला होता, म्हणूनच पाठ बिघडले होते. परंतु बिघडलेला पाठ हाही एक साक्षीदार आहे. मूळ शब्द श्रोत्यांस कधी कळेनासा झाला, त्याच्या जागी त्यांनी कोणता शब्द समजून घेतला, हे तोच सांगतो. कवीचा शब्द शोधणारास तो निरुपयोगी असेल. वाचकांचा इतिहास लिहू पाहणारास दुसरे साधन क्वचितच मिळते.

मूळ पोथी हातची गेली म्हणजे काय होते याचे उदाहरण दूर शोधावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपणांस सापडलेल्या जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ प्रत आज उपलब्ध नाही. छापील पाठ आहे, त्यावर वादही पुष्कळ झाले. परंतु कागद, शाई, समासातील खुणा व निरनिराळे हात यांविषयी तिला आता काही विचारता येत नाही. राजवाड्यांसारख्या पुरुषाच्या हातून आलेल्या प्रतीची ही गत, तर खेड्यातील नावगाव नसलेल्या रुमालाची कथा काय?

यास्तव संग्राहकांस आमच्या काही सूचना आहेत. सूचीत सामान्यतः ग्रंथनाम, कर्ता, लेखक, पत्रसंख्या, लिपी व शक इतके नमूद होते. त्याजबरोबर पोथी कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, कोठे बसून वाचीत, अर्थ कोण सांगे, चाल कोणती, हेही घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून त्याच दिवशी लिहून घ्यावे. कारण पोथीपेक्षा सांगणारा माणूस आधी जातो. डाग पुसू नयेत, हरताळ खरवडू नये. एका रुमालातील पोथ्या निरनिराळ्या करू नयेत, कारण शेजारची पोथी शेजारणीविषयी सांगते. आणि ज्या घरी पोथी अद्यापि वाचली जाते, तेथे छायाचित्रे घेऊन ती जागीच राहू द्यावी. कपाटात पोथीचे आयुष्य वाढेल हे खरे. पण वाचन तुटले म्हणजे तिचा अर्धा अर्थ बाहेर राहतो.

कोणी म्हणतील की श्रीधराच्या पोथ्या छापील मिळतात, तर त्यांच्या जीर्ण नकलांचे एवढे महत्त्व कशास? ग्रंथ छापील मिळतो; तो वाचणारा गाव छापील मिळत नाही. सापगावासारख्या गावाने आपले वाङ्मय कसे अभ्यासिले, याचा लेख त्या नकलांच्या समासातच आहे. तो वाचण्यास सांगणाऱ्यांची शेवटची पिढी अद्यापि हयात आहे, तोवरच हे काम व्हावे, इतकीच विनंती.