प्रकाशीय सॉलिटॉन

प्रकाशीय सॉलिटॉन म्हणजे प्रकाशतंतूतून आकार न बदलता दूरवर जाणारा एकाकी प्रकाशस्पंद होय. स्पंदातील भिन्न तरंगलांबीचे घटक भिन्न वेगाने जातात. त्यामुळे सामान्य स्पंद पसरतो, शेजारच्या स्पंदात मिसळतो आणि संदेश बिघडतो. तीव्र प्रकाश मात्र काचेचा अपवर्तनांक किंचित वाढवतो. परिणामी स्पंदाच्या अग्रभागाची तरंगलांबी वाढते, मागील भागाची घटते. सिलिका काचेत सुमारे १.३ मायक्रोमीटरच्या पुढे आखूड तरंगलांबीचे घटक अधिक वेगवान असतात. म्हणून मागचा भाग पुढच्यास गाठू पाहतो व पसरणे थोपते. हे भाकीत अकिरा हासेगावा व फ्रेडरिक टॅपर्ट यांनी १९७३ साली केले. प्रयोगाने ते १९८० मध्ये पडताळले गेले. तंतूत प्रकाश क्षीण होताच हा तोल ढळतो, म्हणून लांबच्या अंतरासाठी वाटेत प्रवर्धन आवश्यक ठरते.