उखाण्यापासून शब्दकोड्यापर्यंत

शब्दांचा खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे, ही समजूत भारतीय परंपरेत फार जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका म्हणजे कोडे, प्रतिमाला म्हणजे एकाच्या श्लोकाचे शेवटचे अक्षर धरून दुसऱ्याने श्लोक म्हणण्याचा खेळ आणि समस्यापूर्ती म्हणजे दिलेल्या चरणाभोवती उरलेला श्लोक रचणे, या तिन्ही गोष्टी येतात; आणि त्याच यादीत अभिधानकोशाचे व छंदांचे ज्ञानही येते. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले असून, रसिकांच्या बैठकीतील विनोद, चारचौघांत गुप्तपणे बोलणे आणि दुसऱ्याला कोड्यात टाकणे असे तिचे उपयोगही नोंदले आहेत. ज्याचा कोश पाठ नाही त्याला हे खेळ खेळता येत नाहीत, आणि जो ते खेळतो त्याचा कोश ताजा राहतो, हे नाते या मांडणीत गृहीतच धरलेले दिसते.

मराठी मुलुखात हे नाते पोथीपेक्षा ओटीवर आणि माजघरात अधिक टिकले. कोड्याला देशावर उखाणा आणि कोकण-गोव्याकडे हुमाण म्हणतात. लग्नात नाव घेण्याच्या यमकबद्ध रचनेलाही उखाणाच म्हणतात, कारण तिथेही उघड उच्चारायचे नाही असे नाव शब्दांच्या आड गुंफलेले असते. लोकपरंपरेतील कोड्याची रीत अशी, की वस्तूचे नाव लपवायचे आणि तिचे रूप, आवाज, काम किंवा नाते दुसऱ्या वस्तूच्या नावाने सांगायचे. तोंडातील दात हे बत्तीस चिरे होतात आणि त्यांत फिरणारी जीभ नागीण होते. चांदण्यांनी भरलेले आभाळ म्हणजे लाह्यांनी भरलेले सूप आणि त्यातला एकुलता रुपया म्हणजे चंद्र. उत्तर शोधणाऱ्या मुलाला एका वस्तूसाठी दोन शब्द मिळतात आणि त्या दोहोंमधले साम्यही मिळते. चिरा म्हणजे घडवलेला दगड हे ज्याला ठाऊक नाही, तो आधी तो अर्थ विचारतो, आणि विचारून मिळालेला शब्द सहसा विसरला जात नाही.

संतांनी आणि पंडितांनी याच रीतीला कूटाचे रूप दिले. कूट म्हणजे ज्याचा सरळ अर्थ लागत नाही आणि खरा अर्थ उकलावा लागतो अशी रचना. ज्ञानदेवांच्या नावावरची आणि एकनाथांची कूटे कीर्तनातून घरोघर पोचली. पंडिती कूटात नात्यांची साखळी असते. भूमिकन्येच्या पतीच्या दूताचा पिता कोण, असे विचारले तर भूमिकन्या सीता, तिचा पती राम, त्याचा दूत मारुती आणि त्याचा पिता वायू, अशा पायऱ्या उतरत वाऱ्यापर्यंत यावे लागते. म्हणजे एका उत्तरासाठी चार पर्यायी नावे आणि एक कथा हाताशी असावी लागते. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) हा खेळ अत्यंत अवघड टोकाला नेला. त्यांच्या अनेक रामायणांपैकी एक निरोष्ठ आहे, म्हणजे ओठ मिटल्याशिवाय उच्चारता न येणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात टाळलेली आहेत. याचा परिणाम ध्यानी घेण्याजोगा आहे: रामायणात राम, लक्ष्मण, भरत आणि मारुती ही नावेच निषिद्ध ठरतात, आणि कवीला प्रत्येकासाठी पर्यायी शब्दाकडे वळावे लागते. अशा रचनेला केवळ कसरत म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे, कारण पर्यायी शब्दांचा एवढा कस दुसऱ्या कोणत्या अभ्यासात लागत असेल असे वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली छापील पुस्तकांची शाळा आली, आणि धड्याखाली शब्द व समोर अर्थ अशी यादी पाठ करणे ही शब्द शिकण्याची मान्य पद्धत झाली. खेळ वर्गाबाहेर गेला, पण संपला नाही. परशुराम बल्लाळ गोडबोले यांच्या १८५४ सालच्या ‘नवनीत’ या संग्रहाने जुन्या कवींचे वेचे शाळकरी मुलांच्या हाती दिले. अशा पाठांतरावरच श्लोक, आर्या, ओव्यांच्या भेंड्या रंगत. समोरच्या पक्षाला शेवटच्या अक्षराने सुरू होणारी रचना सुचली नाही की त्याच्यावर भेंडी चढते. या खेळात मराठीची एक खूण मुलांना व्याकरणाच्या पुस्तकाआधीच कळते: ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून त्यांच्या जागी ‘ल’ आणि ‘न’ चालवून घ्यावे लागतात.

छापील बालवाङ्मयाने खेळ आणि कोश यांना पुन्हा जवळ आणले. १९०६ मध्ये ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू करणाऱ्या वासुदेव गोविंद आपटे यांनीच ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश रचला आणि भाषेतील संप्रदाय व म्हणी यांचाही संग्रह केला, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही.

चौकटींचे शब्दकोडे मात्र बाहेरून आले. आर्थर विन यांचे पहिले कोडे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले, इतके की १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांचे महिन्याचे बक्षीस एक हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर रोखल्या. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर ठरते तिला हा कायदा लागू नाही. पैशाचा हा धुरळा बसल्यावर वृत्तपत्राच्या कोपऱ्यात बिनबक्षिसी कोडे उरले, आणि भाषेच्या दृष्टीने तेच मोलाचे होते.

देवनागरीत एका घरात सुटे व्यंजन नव्हे, तर काना, मात्रा, वेलांटीसह संपूर्ण अक्षर बसते. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे ऱ्हस्व-दीर्घही जुळावे लागते. ‘कि’ आणि ‘की’ एका घरात नांदू शकत नाहीत. उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या वाक्यांतही हीच कसोटी लागते. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य कसोटीला पुरेपूर उतरते, पण तितकेच लाडके ‘चिमा काय कामाची’ उतरत नाही, कारण त्याचे पहिले अक्षर ऱ्हस्व आणि शेवटचे दीर्घ आहे. कानाला न जाणवणारा हा फरक मुलाने स्वतः पकडला, तर १९६२ च्या लेखननियमांतील अन्त्य इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा नियम त्याला वेगळा समजावावा लागत नाही.

जाते, उखळ, मुसळ, रहाट, सूप ही ज्या उखाण्यांची उत्तरे आहेत, ते उखाणे आज आजीच्या पिढीपुरते उरले आहेत. भाषेच्या शिक्षकांनी मुलांकडून ते घरोघरी लिहून आणवावेत आणि त्यांची शब्दकोडी मुलांनाच रचू द्यावीत. हे काम याच पिढीत करावे लागेल.